हर्क्युलिसची पाठ जरा मोठी छापा

महोदय,

ग्रीक पुराणकथांवरच्या प्रबोधनकालीन एन्ग्रेव्हिंगांचा (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांचा) रविवारच्या पुरवणीतला लेख चांगला होता. पण डच कोरक हेंड्रिक गोल्टझियसचा ‘फार्नेसे हर्क्युलिस’ टपाल तिकिटाएवढा छापून त्याची पार रया घालवलीत. माझी हयात छपाईत गेली, म्हणून हे जास्तच खुपलं.

गोल्टझियसने 1591 मध्ये रोममध्ये हर्क्युलिस या ग्रीक वीराच्या या प्राचीन पुतळ्याची रेखाटनं केली आणि मग तांब्याच्या पत्र्यावर तो पाठीमागून दिसतो तसा कोरला. पाठीमागे नेलेल्या हातात हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतली सफरचंदं आहेत. समोरून ती दिसत नाहीत. खाली कोपऱ्यात दोघे जण मान वर करून बघताहेत. खरी गंमत रेघेत आहे. स्नायूच्या उंचवट्याभोवती वळताना ती फुगते, उजेडाकडे जाता जाता बारीक होते. हा सगळा खेळ हत्याराच्या दाबाचा. लहानपणी भाजून अधू झालेल्या उजव्या हाताने त्याने तो साधला! तुमच्या छपाईत मात्र या रेघांचा नुसता करडा डाग झालाय.

शिवाय ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्या कथेवरच्या ‘पॅरिसचा निवाडा’ या चित्राखाली फक्त चित्रकार राफाएलचं नाव. कल्पना त्याची, पण पत्रा कोरला मार्कान्तोनिओ राइमोंदीने. त्याचंही नाव हवं होतं.

पुढच्या रविवारी हर्क्युलिस निदान अर्धं पान छापा.

— एक निवृत्त मुद्रक