दुसरी डिस्क शोधू नका

बंगळुरू,
रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे मुद्दाम कागदावर लिहितोय. फोनवर मी एक सांगतो, बाबा स्क्रीनवरचं भलतंच वाचून दाखवतात आणि मागून आई ओरडते, "मी हात नाही लावला त्याला!" नवं डेबियन घालताना मशीन दुसरी डिस्क मागतंय आणि ती सापडत नाही, हे कळायलाच कालचा अर्धा तास गेला.

आधी कबुली. चूक माझी आहे. दिवाळीत मी डेबियन १२ च्या, म्हणजे विंडोजच्या जागी घालायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, दोन डीव्हीडी लिहून ठेवल्या, त्यातली दुसरी निव्वळ हौस होती. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले, तेव्हा ते काढायला हवं होतं हे खरं. पण त्यासाठी एक डिस्क पुरली असती. लोक जास्त वापरतात ते सामान डेबियनवाले पहिल्या डिस्कवर भरतात. डेस्कटॉप, ब्राउझर, बाबांच्या पेन्शनच्या पत्रांसाठी लिब्रेऑफिस, सगळं तिच्यावरच आहे.

मग मशीन दुसरी का मागतं? बाबा, मध्ये एकदा त्याने "आणखी डिस्क आहे का?" विचारलं आणि तुम्ही इमानदारीत दुसरी दाखवलीत. त्याने लगेच तिच्यावरच्या सामानाची यादी उतरवून घेतली. आता यादीतली वस्तू आली की ते नाव घेऊन तीच डिस्क मागतं आणि एंटर दाबा म्हणतं. डिस्क नसताना शंभर वेळा एंटर दाबलंत तरी ते तेच विचारणार.

तेव्हा बटण दाबून मशीन सरळ बंद करा. अर्धवट काम वाया गेलं तर जाऊ दे, तासाभराचंच आहे. पुन्हा पहिल्यापासून करायचं, फक्त पहिली डिस्क घालून. पण त्याआधी फोटोंची लाल हार्डडिस्क काढून कपाटात ठेवा. हे विसरू नका. "पूर्ण डिस्क वापरू का?" असं विचारेल तेव्हा चुकून ती निवडली गेली तर आजीचे सगळे फोटो जातील. राउटरची वायर मात्र मशीनला लावलेली हवी. सुरुवातीला भाषांच्या यादीत मराठीही आहे बरं का, पण तुम्ही इंग्रजीच निवडा. नाहीतर फोनवर मला एक शब्द कळायचा नाही.

पुढे आणखी डिस्क आहे का विचारेल, तिथे नाही. नेटवर्क मिरर (इंटरनेटवरचा डेबियनच्या सामानाचा साठा) वापरायचा का, तिथे होय, आणि देश भारत. म्हणजे पुढे काही लागलं तर ते इंटरनेटवरून आणेल. सगळं झाल्यावरही कधी डिस्क मागितली तर घाबरू नका. एका फाईलमध्ये सीडीरॉमची ओळ राहून गेलेली असते, तिच्यापुढे # टाकला की विषय संपला. ते मी बसून करून देईन, तुम्ही हात लावू नका.

गंमत म्हणजे डेबियन हे नाव १९९३ मध्ये ते सुरू करणाऱ्या इयन मर्डॉकने प्रेयसी डेब्राच्या नावाला स्वतःचं नाव जोडून केलं. आणि आपल्या घरी त्याच्याच डिस्कवरून अबोला!

आता शेवटचं. आई, आज सकाळी व्हिडिओ कॉलवर तू शेवंती दाखवत होतीस. मागे गॅलरीत कबुतरांसाठी टांगलेल्या सीड्या फिरत होत्या. त्यातल्या एकीवर काळ्या मार्करने माझ्याच अक्षरात मोठा '२' आहे. बाबा, तिला काही बोलू नका; चकती टेबलावर उघडी टाकून तुम्हीच जेवायला उठला होतात. आणि खाली काढायलाही जाऊ नका, स्टुलावर चढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. कबुतरं कमी झालीत म्हणाली ना आई? मग राहू दे तिथेच.

मंगळवारी आठनंतर फोन करतो.

तुमचा,
बाळ्या