लॅपटॉप भंगारात काढायच्या आधी

संपादक साहेब, नमस्कार.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि माझ्या २०१५ च्या लॅपटॉपवर ११ काही बसत नाही, म्हणून मुलीनं रविवारी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकलं. चालू झालं झकास, पण वायफायच दिसेना! दुकानदार म्हणाला मशीन गेलं, नवीन घ्या. गेलंबिलं काही नव्हतं हो, वायफायच्या चिपचं सॉफ्टवेअर कंपनीनं खुलं केलेलं नाही, ते वेगळं टाकावं लागतं आणि ते उतरवायला नेट पाहिजे, म्हणजे किल्ली कपाटात अन् कपाटाला कुलूप. शेवटी मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग ऑन केलं, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर (असलं सॉफ्टवेअर शोधून टाकणारा) उघडला, पाच मिनिटांत वायफाय हजर. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवाल्यांनी तर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असलं फर्मवेअर, म्हणजे चिपचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, फक्त खुलं सॉफ्टवेअर द्यायच्या तत्त्वाला मुरड घातली म्हणा, पण बरं केलं. बोटाच्या ठशाचा सेन्सर मात्र अजून मुकाच आहे, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरच, लिनक्ससाठी नाही. माझं म्हणणं एवढंच, आत वायफायची कुठली चिप आहे ते खोक्यावर ठळक छापा की, प्रोसेसरचं नाव छापताच ना?

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली