लिंडग्रेन यांचे फ्रँकफर्टचे भाषण

रविवार पुरवणीतील स्वीडिश बाललेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्यावरील लेख त्यांच्या पुस्तकांतल्या पिप्पी या मुलीच्या खोड्यांवर छान रंगला आहे. पण लेखिकेच्या १९७८ च्या भाषणाचा त्यात साधा उल्लेखही नाही, हे खटकले. फ्रँकफर्टला जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा मसुदा वाचून आयोजक बिचकले. भाषणाचा आग्रह न धरता पुरस्कार तेवढा स्वीकारा, असे त्यांनी सुचवले. तसे असेल तर येतच नाही, असे बाईंनी कळवले आणि भाषण झाले. शांततेची सुरुवात घरात मुलावर उगारलेला हात खाली घेण्यापासून होते, हा त्याचा रोख. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. आई मुलाला मार देण्यासाठी त्यालाच छडी शोधून आणायला पाठवते. छडी मिळत नाही, म्हणून तो रडत रडत दगड घेऊन येतो. आईला आपल्याला दुखवायचेच आहे, तर दगडही चालेल, असे त्याला वाटते!

पुढच्याच वर्षी स्वीडनने पालकांनाही मुलांवर हात उगारण्यास कायद्याने मनाई केली. असे करणारा तो जगातला पहिला देश. श्रेय एकट्या लिंडग्रेन यांचे नव्हे, हे मान्य. तरीही मोठ्यांच्या धाकाला न जुमानणारी पिप्पी समजून घ्यायला हे भाषण आवश्यक आहे.

– एक वाचक, पुणे