घोड्याआधी प्रतिकृतीवर हात बसू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. लांबचा प्रवास, बदललेला चारा आणि थंडीत कमी झालेले पाणी, घोड्याला पोटशूळ उठायला एवढे पुरते. घोडा उलटी करू शकत नाही. त्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे. गच्च भरले आणि नाकातून नळी घालून वेळेत रिकामे केले नाही, तर फुटते. पण आपल्याकडच्या नव्या पशुवैद्यकाचा हात बसलेला असतो तो गाई-म्हशींवर. महाविद्यालयात शिकायला घोडे थोडे आणि विद्यार्थी पुष्कळ. संग्रहालयातल्या सांगाड्यावर हाडे कळतात, इंजेक्शनसाठी मानेतली शीर सापडत नाही.

म्हणून सरावाच्या प्रतिकृती हव्यात, आणि त्या महागच असतात असे नाही. मानेची प्रतिकृती लाकडी चौकट, फोम आणि रेक्झिनमध्ये होते. शिरेसाठी मऊ, पातळ रबरी नळी घ्यावी. कडक प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण ती दाबाने चपटी होत नाही की फुगत नाही. सलाईनची बाटली उंच टांगून पाणी डोक्याकडून छातीकडे सोडावे. खाली अंगठा दाबला की शीर वर उठते. शेजारीच धमनीची नळी हवी, तीत लाल पाणी आणि ठोके देणारा हातपंप. मानेच्या वरच्या एकतृतीयांश भागात या दोन्हींमध्ये स्नायूचा पडदा असतो, तिथे फोमची पट्टी घालावी. खालच्या भागात घालू नये. खाली टोचले तर सुई धमनीत का जाते, हे विद्यार्थ्याला लाल पाणीच दाखवते. खऱ्या घोड्यात सुईतले औषध अशा वेळी थेट मेंदूकडे जाते आणि घोडा जागीच कोसळतो. सुयांनी नळी चाळणी होते, म्हणून ती बदलता येईल अशी बसवावी.

जठरनळीच्या सरावासाठी डोक्याची प्रतिकृती एका बाजूने पारदर्शक असावी. नळी नाकपुडीच्या तळाने सरकली पाहिजे. वर गेली की रक्तस्राव होतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका दोन्ही दाखवाव्यात. नळी श्वासनलिकेत असताना पोटशूळावरचे तेल ओतले, तर घोडा वाचणे कठीण.

गुदमार्गे तपासणीची पेटी मात्र घाईने करू नये. डावीकडे प्लीहा, तिच्या आतल्या बाजूला मूत्रपिंड, दोन्हींमधला बंध, उजवीकडे आंधळ्या आतड्याचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा) वरचा रुंद भाग, हे सारे जागच्या जागीच हवे. घोड्याचे गुदाशय गाईपेक्षा सहज फाटते. जनावर कुंथत असताना हात रेटायचा नाही, थांबायचे; ही सवय पेटीवरच लागू द्यावी. कुंथणे आणि लाथ प्रतिकृती देत नाही, त्यामुळे पुढचा सराव शांत घोड्यावर, शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा.

पशुसंवर्धन विभागाने खान्देशातल्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत निदान मानेची आणि डोक्याची प्रतिकृती ठेवावी आणि यात्रेच्या महिनाभर आधी नव्या पशुवैद्यकांकडून त्यावर सराव करून घ्यावा.

आपला,
एक पशुवैद्यक, शहादा