लंडनमधल्या हॅकनी मार्शेस मैदानांवरच्या आमच्या फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरी दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘चल, चहा घे’ म्हणून विषय बदलणार. म्हणून चारचौघांत लिहितोय.

कोल्हापुरात मी तालमीकडून फुटबॉल खेळायचो. केएसएचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, वेळापत्रक लागलं की शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ लोटायची. आमचं काम एवढंच, बूट बांधायचे आणि उतरायचं. बाकी तालमीतली मोठी माणसं बघायची. लंडनच्या संडे लीगमध्ये, म्हणजे रविवारच्या हौशी फुटबॉलमध्ये, ही सगळी मोठी माणसं म्हणजे एकटा सेक्रेटरी, हे इथं आल्यावर कळलं.

बाहेरच्या देशात नोंदणी असलेल्या खेळाडूला इथं साध्या रविवारच्या मॅचलाही एफएमार्फत (इंग्लंडची फुटबॉल संघटना) आंतरराष्ट्रीय मंजुरी लागते, हे मला कुठलं ठाऊक! त्याशिवाय उतरवला तर क्लबचे गुण जायचे, वर दंड. तुम्ही कामावरून दमून आलेले, तरी माझा जुना क्लब, शेवटची मॅच, सगळं खोदून खोदून विचारून फॉर्म भरलात. मंजुरी येईपर्यंत हातात लाइनमनचा झेंडा दिलात. इथं लाइनमन आपल्यातलाच एक. ऑफसाइड दाखवला की आपलीच पोरं शिव्या घालतात, तेही शिकून झालं.

गंमत म्हणजे 1960 पर्यंत हीच एफए रविवारच्या फुटबॉलला मान्यता देत नव्हती. आता तुमच्याकडून एवढे कागद भरून घेते!

आठवडाभर तुमचं चालूच असतं: काउन्सिलकडे पिचचं बुकिंग, रेफ्रीला फोन, वर्गणीसाठी मागं लागणं. शनिवारी रात्री दोघंतिघं ‘दादा, उद्या जमत नाही’ म्हणतात, तरी सकाळी साडेदहाला अकरा जण उभे असतात. ते कसे, कुणी विचारत नाही. 2019-20 पासून रेफ्रीशी हुज्जत घातली की दहा मिनिटं बाहेर. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, असा बाहेर गेला की त्याची समजूतही तुम्हीच काढायची.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मॅचनंतरचं. क्लबनं रेफ्रीला शंभरपैकी गुण द्यायचे असतात. सात गोल खाऊन, पेनल्टी नाकारली जाऊनसुद्धा तुम्ही गाडीत बसून शांतपणे चांगले गुण टाकलेत. पोरं चिडली. तुम्ही म्हणालात, “खेळलो आपण वाईट, त्याचा काय दोष?”

दादा, मनापासून आभार. आता माझ्याकडं गाडी आहे. पुढच्या सीझनपासून नेटची पिशवी माझ्या डिकीत राहू दे. साडेनऊला दोन्ही गोलना नेट लावलेली मिळतील.

तुमचा,
लेफ्ट हाफ