बाबा, लँडलाइन काढू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर विषय अर्धाच राहिला, म्हणून निवांत बसून लिहितेय. बाबा, तुम्ही म्हणालात, "तू तर आमच्याहून पुराणमतवादी निघालीस." मला ते लागलं नाही. मी आहेच तशी, आणि का आहे ते तुम्हाला नीट सांगावंसं वाटतं. लँडलाइन ठेवायची की काढून टाकायची, हा तुमचा प्रश्नही त्यातच येतो.

आधी आईचं सांगते. मागच्या खेपेला मी आले तेव्हा ती मोबाइलवरून बँकेला फोन लावत होती. मोबाइल कानाला लावला की स्क्रीन काळी होते. पलीकडून बाईचा आवाज म्हणतो, "खात्याच्या माहितीसाठी दोन दाबा." आई मोबाइल कानावरून काढून समोर धरते. स्क्रीन उजळून आकडे सापडेपर्यंत बाई पुढच्या वाक्यावर गेलेली असते. ते ऐकायला पुन्हा कानाला लावावं, तर पुन्हा अंधार. तीनदा असं झालं. चौथ्यांदा "प्रतिसाद मिळाला नाही, धन्यवाद" म्हणून फोन कट झाला. आई, तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मीच हळू झालेय गं." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तू हळू झालेली नाहीस. आकडे दाबायचा टेलिफोन १९६३ मध्ये अमेरिकेत आला. त्याचा रिसीव्हर कानाशी आणि आकडे डोळ्यांसमोर असायचे. "एक दाबा, दोन दाबा" हा सगळा प्रकार त्या टेलिफोनला शोभणारा आहे. पुढे टेलिफोन बदलला, प्रकार तोच राहिला, आणि मध्ये जो माणूस फोन उचलून "बोला" म्हणायचा, त्याला तेवढं काढून टाकलं. स्पीकर लाव, असं मी तुला सांगितलं खरं, पण मग खात्याचा नंबर साऱ्या खोलीला ऐकू जातो, हे तुझं म्हणणं बरोबर होतं.

तीच गत बाबांच्या वहीची. शेवटच्या पानावर एकाखाली एक पासवर्ड लिहिलेले, प्रत्येकावर रेघ मारलेली, शब्द तोच आणि फक्त शेवटचा आकडा वाढत गेलेला. बाबा, तुम्ही ते पान माझ्यापासून लपवत होतात. लपवू नका. चिन्हं, आकडे, मोठी अक्षरं घाला आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, हे नियम जगभर पसरले ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ मधल्या एका मार्गदर्शिकेतून. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. सतत बदलायला लावलं की माणसं तुमच्यासारखाच शेवटचा आकडा वाढवतात, आणि असा पासवर्ड ओळखणं सोपं होतं. त्याच वर्षी संस्थेनंही सांगितलं की चोरीची शंका नसताना उगाच मुदत घालून पासवर्ड बदलायला लावू नका. नियम जिथे जन्मला तिथे मागे घेतला गेला, आणि तुमची वही मात्र अजून भरतेच आहे.

मला चीड येते ती इथे. चूक कोणाकडूनही होते, बर यांनी तर ती मोठ्या मनाने कबूल केली. पण एका टेबलावर ठरलेली गोष्ट लाखो घरांत एकदम लागू होते, आणि वापरणाऱ्याला विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. त्याला जमलं नाही तर तोच अडाणी ठरतो. मोबाइलपुरतं हे चालवून घेता येईल एखाद वेळ. राज्यकारभारात हीच वृत्ती शिरली की मला खरोखर भीती वाटते.

तुम्हाला फ्रान्सच्या क्रांतीचं वाचायला आवडतं, म्हणून त्यातलंच सांगते. १७९३ मध्ये तिथल्या नव्या सरकारने कॅलेंडरच बदललं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने, वर उरलेले पाच-सहा दिवस शेवटी वेगळे, आणि आठवडा दहा दिवसांचा. दिवसाचे तास दहा, तासाची मिनिटं शंभर. कागदावर हिशोब किती स्वच्छ! पण राबणाऱ्या माणसाची सुट्टी सात दिवसांवरून दहाव्या दिवसावर गेली. काही घड्याळांवर जुने आणि नवे दोन्ही आकडे छापावे लागले. दहा तासांच्या दिवसाची सक्ती १७९५ मध्येच थांबवली, आणि १ जानेवारी १८०६ पासून कॅलेंडरही गेलं.

तुम्ही लगेच म्हणाल, मीटर आणि किलोग्रॅमही त्याच क्रांतीने दिले. दिले, आणि ते मोलाचं काम झालं. पण गावोगावची मापं वेगळी असल्याने लोक पिढ्यान्‌पिढ्या नाडले जात होते, आणि मापं एकसारखी करा ही मागणी १७८९ मध्ये राजापुढे ठेवायच्या तक्रार-वह्यांमध्ये लोकांनीच लिहून दिली होती. तरीही मीटर पक्का रुजायला १८४० उजाडलं. दहा दिवसांचा आठवडा कोणी मागितला नव्हता. बदल कोणाच्या गरजेतून आला आणि त्याला रुजायला वेळ दिला का, एवढंच मी बघते.

या विचाराचा मूळपुरुष म्हणून अठराव्या शतकातले ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांचं नाव घेतात. आपल्याकडे ते बंगालचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग, म्हणजे संसदेपुढचा खटला, चालवणारे म्हणून माहीत आहेत. तो खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला, हेस्टिंग्ज सुटले, पण सत्तेचा जाब विचारायला बर्क सात वर्षं उभे राहिले. याच माणसाने १७९० मध्ये फ्रान्सच्या क्रांतीविरुद्ध लिहिलं. ज्या राज्याला बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही, असंही त्यांचंच मत. म्हणून पुराणमतवादी म्हणजे सत्तेपुढे मान डोलावणारा, हे मला मान्य नाही.

बर्क समाजाला करार म्हणायचे, आज जगणाऱ्यांचा, होऊन गेलेल्यांचा आणि अजून जन्माला न आलेल्यांचा. माझं सगळं राजकारण यात आलं. आजच्या टाळ्यांसाठी सरकारने कर्ज काढून वाटावं आणि फेडायला नातवंडांना बसवावं, हे मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या कराराच्या कागदावर त्यांची सही नाही. रात्रीत लिहिलेला कायदा सकाळी चर्चेविना मंजूर होतो, तेव्हा तो माझ्या आवडीच्या पक्षाने आणला म्हणून चांगला होत नाही. आणि परंपरेचं नाव घेऊन न्यायालयांची, संसदेची, निवडणुकीची रीत मोडायला निघालेली माणसं माझ्या बाजूची नाहीत, मग ती कितीही मोठ्याने माझ्याच शब्दांत बोलोत.

तुम्ही सुधारणेच्या घाईचे, हे मला ठाऊक आहे. तुमच्या त्या घाईमुळेच मी शिकले, हेही मी विसरलेले नाही. ते दार उघडताना तुम्ही घर पाडलं नाहीत. आजोबांशी दोन वर्षं बोलत राहिलात, त्यांना सोबत घेतलंत. मला राजकारणात तेच हवं आहे.

म्हणूनच काकांचा विषय काढते. रागावू नका. त्यांची मतं माझ्या मतांच्या जवळची आहेत, पण रात्री अकराला न तपासता तो मेसेज त्यांनी ग्रुपवर टाकला ही त्यांची चूकच होती. तुम्ही उलट जे लिहिलंत तेही समोर बसून तुम्ही कधी बोलला नसतात. पूर्वी वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपायचं, घडी घालून ठेवलं की वादही थांबायचा. आता बोट सरकवत राहिलं की खाली आणखी येतच राहतं. ही न संपणारी पानाची युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन यांनी रचली, आणि पुढे त्यांनाही तिचा पश्चात्ताप झाला. त्या न संपणाऱ्या पानापायी दोन सख्खे भाऊ चार महिने एकमेकांशी बोललेले नाहीत. मत कोणाला द्यायचं हे पाच वर्षांनी बदलू शकतं. भाऊ बदलून मिळत नाही, बाबा.

आता लँडलाइनचं. काढून टाकायच्या आधी एक चौकशी करा, तुमची लाइन जुन्या तांब्याच्या तारेची आहे की फायबरची. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून येते, म्हणून घरातली वीज गेली तरी तो चालतो. फायबरला घरातल्या डब्यासाठी वेगळी वीज लागते, बॅकअप नसेल तर वीज गेली की फोनही गेला. तो जुना फोन कोपऱ्यात नुसता पडून होता असं आपल्याला वाटत होतं, पण वीज नसलेल्या रात्री डॉक्टरांना फोन लागला होता तो त्याच्यावरूनच, आठवतं? तांब्याची असेल तर जोवर ती देतात तोवर राहू द्या. फायबर असेल तर बॅकअपचं मी आल्यावर बघते. दोन्हीत आईला ऐकता ऐकता आकडा दाबता येईल, तेवढ्यासाठीसुद्धा तो फोन राहायला हवा.

मोबाइलमध्ये नाव शोधावं लागतं, पण काकांचा नंबर तुम्हाला अजून तोंडपाठ आहे. त्याच फोनवरून लावा. मी शुक्रवारी रात्री करीन तेव्हा आधी आईने उचलावा, आणि मग तुमचं दोघांचं काय बोलणं झालं ते मला सांगा.

तुमची,
धाकटी