केसरबाईंच्या तबकडीवरचे शेजारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केसरबाई केरकरांच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीवरचा आपल्या पुरवणीतला लेख मनापासून आवडला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या या गायिकेचा स्वर आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर, २७ रचनांमध्ये, त्यांचे एक शेजारी आहेत. त्यांच्याविषयी मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे पत्र.

ब्रिटिश वादक डेव्हिड मन्रो. जन्म १९४२, बर्मिंगहॅम. १९६० मध्ये इंग्रजी शिकवायला पेरूला गेले, ते तिकडची लोकवाद्यं घेऊन परतले. केंब्रिजला विषय इंग्रजी साहित्यच होता. पण मित्राच्या भिंतीवर टांगलेलं क्रमहॉर्न दिसलं आणि ओढा कायमचा जुन्या युरोपीय संगीताकडे वळला. क्रमहॉर्न म्हणजे छत्रीच्या मुठीसारखं टोकाला वळलेलं लाकडी वाद्य. सनईची पत्ती ओठांत धरतात. याची पत्ती टोपणाखाली झाकलेली असते, म्हणजे ओठांचा काही उपयोग नाही, सगळी भिस्त फुंकेवर. सतराव्या शतकानंतर ते मागे पडलं होतं.

१९६७ मध्ये ख्रिस्तोफर हॉगवुड यांच्यासह त्यांनी लंडनमध्ये ‘अर्ली म्युझिक कॉन्सोर्ट’ हा वृंद काढला. जुनी हस्तलिखितं वाचायची, वाद्यांच्या प्रतिकृती कारागिरांकडून घडवून घ्यायच्या आणि मग लोकांसमोर वाजवायचं. अभ्यास आणि वादन हे त्यांच्यासाठी एकच काम होतं, आणि मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. १९७१ पासून बीबीसीवर लहान मुलांसाठी ‘पाइड पाइपर’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला, त्याचे ६५५ भाग झाले! मुलांबरोबर मोठेही कान देऊन ऐकत. मे १९७६ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी, मन्रो गेले. इंग्रज संगीतकार अँथनी होलबोर्नची १५९९ मध्ये छापलेली, जेमतेम सव्वा मिनिटाची रचना त्यांच्या वृंदाच्या वादनात पुढच्या वर्षी अवकाशात निघाली. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मुलांना नेलं होतं, तेव्हा वाद्यांच्या दालनात एका मुलीने विचारलं, “सर, याचा आवाज कसा येतो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते अजून सलतं.

काचेमागची वाद्यं कुणी हाताळू नयेत, हे बरोबरच. पण त्यांच्या प्रतिकृती घडवता येतील. मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे, पुण्या-मुंबईत संगीताचे अभ्यासक आहेत. महिन्यातून एकदा एक वाद्य, अर्धा तास, समोर शाळेची मुलं. सुरुवात सारिंदा या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यापासून करावी असं मला वाटतं. आपल्या पुरवणीने हा विषय लावून धरावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे